दहा चिंचोके

३ जुलै, चामोर्शी
सासुरवाडीत मुक्काम. रिना पहिल्या बाळंतपणाला माहेरी, माझं पीएचडीचं फील्डवर्कही इथेच. दोन्ही कामं एकाच पेट्रोलमध्ये. विषय: बाळंतपणाला सामोरं जाण्याचा स्त्रियांचा आत्मविश्वास. मोजायची पद्धत माझी स्वतःची. बाईपुढे दहा चिंचोके ठेवायचे. जितका भरवसा, तितके तिने पाटावर मांडायचे. गाईड थक्क होतील.
कळा सुरू झाल्या की रिनाचा हात धरून थांबणार, असा शब्द दिलाय. माझे स्वतःचे चिंचोके: दहा.

८ जुलै
गावातल्या एकाही गरोदर बाईने चिंचोका मांडला नाही. गुणाबाईचं तर हे चौथं, तिनेही हात जोडले. परिस्थिती गंभीर. प्रबंधासाठी उत्तम.
रिनाला विचारलं. शून्य. नवरा एवढा शिकलेला असून! फार लागलं मनाला.
सासूबाई म्हणाल्या, "पोटात लेकरू असताना कोनी बढाई मारते का, जवाईबापू? मोकळी झाल्यावर इचारा."
अंधश्रद्धा. डेटात घेतलं नाही.

१५ जुलै
आत्मविश्वास शिबिर. बॅनर, माइक, चहा. आलं कोणीच नाही. भाताची रोवणी चालू आहे म्हणे. शेतावर गेलो. शून्यवाल्या सगळ्या तिथेच. गुणाबाई बांधावर बसून भातरोपांच्या पेंढ्या फेकत होती आणि सगळ्यांना हसवत होती. तिथेच भाषण सुरू केलं. एक पेंढी माझ्या पँटवर आली. चुकून असावी.

२१ जुलै
रोज संध्याकाळी रिनाला श्वासाचं तंत्र शिकवतो. ती लगेच झोपते. म्हणजे तंत्र लागू पडतंय. आज म्हणाली, "भाषन नका देऊ. माहा हात तेवढा धरून ठेवा. मले भेव लागते."
एवढंच? सोपं आहे.

२ ऑगस्ट, सकाळ
कळा सुरू. ऑटोतून दवाखान्यात आलो. मी पूर्ण शांत. चिंचोके खिशात. रिनाचा हात घट्ट धरलाय, दुसऱ्या हाताने हे लिहितोय. नर्सबाई सलाईनची सुई घेऊन

२ ऑगस्ट, संध्याकाळ
मुलगी झाली. दोघी छान.
मला बाहेरच्या बाकावर जाग आली. डोक्याला टेंगूळ. शेवटपर्यंत रिनाचा हात सासूबाईंनी धरला होता.
आत गेलो. रिनाने चिंचोके मागितले. दहाच्या दहा चादरीवर मांडले. म्हणाली, "आता लिवा." मग सगळे गोळा करून माझ्या हातात दिले. "आता तुमचे मांडा."
मुलगी टक लावून माझ्याकडे बघत होती. लाज वाटली.
एकही मांडला नाही.