काळं बटण माझ्याकडे आहे

निवे,

मी थेरगावला मावशीकडे जातेय, संध्याकाळी येईन. पोहे झाकून ठेवलेत, शिफ्टला जायच्या आधी खा. टेबलावर आपला लढाईचा खेळ मांडलेला तसाच आहे; पुसताना तुझा एक चिलखती घोडेस्वार आडवा झाला, तो होता तिथेच उभा केलाय.

सोमवारी मी डब्यातून बटण काढलं ते लाल निघालं. म्हणजे चाल तुझी. आज शुक्रवार, अजून तुझीच आहे. लाल निघालं की तू, निळं निघालं की मी, हा नियम तूच केलास, तर पाळ.

काळं मात्र शोधू नकोस, ते माझ्या पर्समध्ये आहे. ही शेवटची फेरी. काळं निघालं की फेरी संपली, लढाईही संपली, आणि रविवारी तू सगळे सैनिक खोक्यात भरून चाकणच्या खोलीवर राहायला जाशील. जा, मी अडवत नाही. खोकं माळ्यावरून काढून ठेवलंय.

पण चाल करून जा गं. रोज तुझ्या खुर्चीत बसून बघते, तुझ्या बाजूने मला काही सुचत नाही.

आई