मामंजींची रेशमी बनियन

रोरोस,
मार्चमधला एक रविवार

प्रिय ओद्नी वन्सं यांस,

सोल्वोरचा वाकून नमस्कार. (अंगणातला बर्फ उपसून कंबर धरली आहे, त्यामुळे सध्या मी ज्याला त्याला वाकूनच नमस्कार करते.) तुमचा खांदा आता कसा आहे? आर्वीद भावजींचं घोरणं कमी झालं, की तुम्हालाच ऐकू येईनासं झालं? आम्ही इकडे सर्व खुशाल आहोत. तुमचे बंधू गुडघ्याबद्दल कुरकुरतात, पण ते लग्नाआधीपासून कुरकुरताहेत, तेव्हा तेही खुशालच म्हणायचे. पत्र पाहून नवल वाटेल, कारण मी एरवी फोन करते. पण फोनवर तुम्ही माझं वाक्य अर्ध्यात पकडता आणि ते कुठं न्यायचं ते तुम्हीच ठरवता. या खेपेला मला माझं वाक्य शेवटापर्यंत न्यायचं आहे. पत्रास कारण की, कारण पुढे येईलच.

विषय मामंजींच्या बनियनचा आहे. हसू नका. ऑक्टोबरात न्यूमोनियातून उठले तेव्हा मामंजी निम्मे झाले होते हे तुम्ही पाहिलंच आहे. त्यांची ती जाड लोकरीची, लांब बाह्यांची बनियन, जी सासूबाईंनी कोपरांना इतक्यांदा रफू केली होती की मूळ बनियन कुठली आणि रफू कुठला हे सांगता येऊ नये, ती त्यांनी घरी आल्या आल्या मागितली. घातली, आणि दुसऱ्या दिवशी छातीभर लाल चट्टे. आजारपणानं कातडी अगदी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, अंगालगत मऊ काहीतरी घाला. ज्या माणसानं सगळा जन्म लाकडाच्या गिरणीत काढला आणि मऊ म्हणून फक्त लोणी ओळखलं, त्याला हे सांगणं म्हणजे काय ते तुम्हीच समजा. त्यांनी बनियन घडी करून कपाटात ठेवली आणि सुती शर्टावर दोन स्वेटर चढवून बाहेर पडले. त्यांचा जुना दोस्त पेदर, त्याच्या घरापर्यंत जाताना घामाघूम झाले आणि परत येताना तो घाम अंगावरच गार झाला. आले ते दात वाजवत आले. त्यानंतर त्यांनी बाहेर जाणंच सोडलं.

वन्सं, ते खिडकीशी बसायचे. बोलत नव्हते, तक्रार करत नव्हते. त्यांनी तक्रार करणं बंद केलं तेव्हाच मी घाबरले. पेदर यायचा, म्हणायचा, "चल की रे एम्ब्रेट, तळ्यावर बर्फ चांगला धरलाय, मासे वाट बघताहेत." तर हे म्हणायचे, "मासे वाट बघत नसतात." आणि पुन्हा खिडकीकडे तोंड. तेव्हा मी मनाशी ठरवलं, या माणसाला रोज घालता येईल अशी बनियन मिळवायचीच.

आधी आणली खेळाडू घालतात तसली, प्लॅस्टिकच्या धाग्याची. (तुमच्या बंधूंची निवड. दुकानातल्या चित्रात एक तरुण डोंगरावरून उडी मारत होता, त्याला भुलले.) ती घातल्यापासून मामंजींनी दाराच्या मुठीला हात लावला की ठिणगी उडायची. मांजर त्यांच्या मांडीवर बसायला गेलं आणि असं काही उडालं की तेव्हापासून ते त्यांच्या खोलीला वळसा घालून जातं. शिवाय वास! दुपारी बनियनला यायचा, संध्याकाळी घराला. मग आणली नुसत्या मऊ लोकरीची. दुकानातली मुलगी म्हणाली, ही मुळीच टोचत नाही. तिला नसेल टोचत, विशीतली पोर ती. मामंजी सबंध जेवणभर मान अशी फिरवत होते, जणू टेबलाभोवती कुणीतरी चालतंय. विचारलं तर म्हणाले, "चांगली आहे." पण जेवण झाल्यावर बनियन खुर्चीच्या पाठीला आणि मामंजी खिडकीशी.

शेवटी मी बोर्गहिल्डच्या दुकानात गेले. ती वरच्या रस्त्यावर लोकर आणि आतले कपडे विकते, आणि गिऱ्हाइकाला बोलू देत नाही, अगदी... असो. तिनं एक बनियन काढून सरळ माझ्या मानेशी कोंबली. मी म्हटलं, अगं हात लावून बघते की. तर म्हणाली, "हाताला काय कळतं? भांडी घासून घासून हात गाढव झालेले असतात. मानेला विचार." मानेला विचारलं. मान गप्प बसली. लोकर आणि रेशीम मिसळून विणलेली होती ती, इतकी पातळ की वर नेहमीचा शर्ट घातला तर आत काही आहे हे कळू नये. बोर्गहिल्डचं म्हणणं, लोकर ऊब धरते, भिजली तरी गार पडत नाही, आणि रेशीम लोकरीला चार गोष्टी समजावून शांत ठेवतं. घरात उकडत नाही, बाहेर थंडी वाजत नाही. फक्त एक अडचण होती. पुरुषांची मोठी मापं हिवाळ्याच्या तोंडालाच संपलेली. उरल्या होत्या त्या बायकांच्या. गळ्याला लेस, लेसच्या मधोमध रिबिनीचा इवलासा बो, आणि रंग असा की त्याला गुलाबी म्हणता येणार नाही, पण गुलाबी नाही म्हणायलाही धाडस लागेल.

मी विचार केला, लेस कापून टाकू. घरी आणून कात्री हातात घेतली आणि मोठ्या उत्साहानं मामंजींना सांगितलं की यात रेशीम आहे. तिथंच चुकलं.

"रेशीम?" मामंजी म्हणाले. "सूनबाई, मला पुराल तेव्हा घाला रेशीम. तेव्हा मी काही बोलणार नाही."

झालं. मग ती मीच वापरायला लागले, लेससकट. (आणि वन्सं, काय सांगू, इतकी वर्षं मी अंगाला काय काय लावून घेत होते असं झालं.) पण जानेवारीत ती वाळत घातलेल्या दांडीवरून नाहीशी झाली. मी सगळं घर उलथंपालथं केलं. तुमचे बंधू म्हणाले, धुण्याच्या यंत्रानं गिळली असणार, आणि त्यांनी यंत्र खोललं. आत एक मोजा, मासे धरायचा गळ आणि आमच्या लग्नातला चमचा सापडला. बनियन नाही. यंत्र जोडल्यावर दोन स्क्रू उरले, आणि तेव्हापासून ते पिळायला लागलं की तळघरातून जिन्याकडे चालत येतं. (खरं सांगते, तुम्ही त्याच सुमारास एक रात्र राहून गेला होतात. माझा तुमच्यावर क्षणभरही संशय नव्हता. तुमच्या बंधूंचा होता.)

आणि नेमकं याच दिवसांत मामंजी बाहेर पडायला लागले! आधी पत्रपेटीपर्यंत, मग पावाच्या दुकानापर्यंत, मग पेदरकडे कॉफीला, आणि एक दिवस बर्फाला भोकं पाडायचा गिरमिट खांद्यावर टाकून थेट तळ्यावर. आमच्या घरात श्रेयासाठी मारामारी सुरू झाली. तुमचे बंधू म्हणत, मी दिलेलं माशाचं तेल. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळ्या. मी काही बोलत नव्हते, फक्त चर्चमधल्या कॉफीच्या वेळी भेटेल त्या बाईला माझ्या बार्लीच्या सूपची कृती सांगत होते.

गेल्या मंगळवारी पेदरचा फोन आला. "सोल्वोर, एम्ब्रेट जिवंत आहे, पण तू ये."

मी एका हातानं कोट शोधायला लागले. "काय झालं?"

"तसं झालं काही नाही. कपड्यांचा प्रश्न आहे."

तुम्ही तळ्याकाठी वाढलात, तुम्हाला सांगायला नको. बर्फावर पाणी साचतं आणि त्यावर हिमाची साय धरते, वरून काही कळत नाही. मामंजींच्या गळाला मोठा मासा लागला, ओढता ओढता हे मागे सरले आणि त्या सायीत उताणे पडले. मासा सोडला नाही. पेदर आणि त्यांच्याबरोबर मासे धरायला येणारा तरुण इव्हार यांनी ओढून त्यांना झोपडीत नेलं, शेगडी पेटवली, कोट काढला, स्वेटर काढला. पण शर्टाला हात लावू देईनात. मी धावत पोचले तेव्हा शर्टातून पाणी ठिबकत होतं, बाहेर कडाक्याची थंडी, आणि मामंजी दोन्ही मुठींनी कॉलर धरून बसलेले, लहान मूल औषधाला बसतं तसे.

"मामंजी, हात काढा," मी म्हटलं.

"तू बाहेर जा, मग काढतो."

"मी गेले तरी पेदर आणि इव्हार आहेत."

"त्यांनाही घेऊन जा."

वन्सं, मला ऑक्टोबर आठवत होता. तो दवाखाना, ती नळी, तुम्ही आणि मी व्हरांड्यात बसून एकमेकींना धीर देत होतो आणि दोघींकडेही तो नव्हता. मी त्यांच्या मुठी सोडवल्या आणि एकेक बटण काढलं. पहिल्या बटणाखाली लेस. दुसऱ्याखाली बो.

पेदरनं कॉफीची किटली उचलली, पुन्हा ठेवली. मग फार विचार करून म्हणाला, "एम्ब्रेट, बो सुरेख आहे."

मामंजी कानापर्यंत लाल झाले. पण मी हात आत घातला, आणि अंग गरम होतं वन्सं! बनियन ओली पिळकी आणि आत मामंजी भाकरीसारखे गरम. मला हसावं की रडावं ते कळेना, म्हणून मी त्यांच्यावर ओरडले. ते मान खाली घालून म्हणाले, "तुझी वस्तू आहे, धुऊन देणार होतो. रोज वाटायचं, आज परत ठेवू. एकदा नुसती घालून बघितली, कुणी नव्हतं घरात. टोचली नाही. म्हटलं पत्रपेटीपर्यंत जाऊन येऊ. तिथं गेलो तर वाटलं, अजून पुढे जाता येईल."

मी म्हटलं, "राहू दे मामंजी, माझ्यापेक्षा तुम्हालाच शोभते." (माझं माप तुम्हाला ठाऊक आहे. ती त्यांना बसली यात काही चमत्कार नाही.)

इतका वेळ इव्हार कोपऱ्यात उभा होता. तो पुढे आला, म्हणाला, "खरंच टोचत नाही?" आणि एक गाल मामंजींच्या छातीला लावून उभा राहिला. मामंजी म्हणाले, "बास आता, माझा नातू नाहीस तू."

दुसऱ्या दिवशी बोर्गहिल्डच्या दुकानात पेदर गेला, म्हणाला, बायकोसाठी हवी. त्याची बायको जाऊन बरीच वर्षं झाली, आणि तिला मूठमाती देताना बोर्गहिल्ड स्वतः हजर होती. इव्हारनंही बायकोसाठीच मागितली. त्याचं लग्नच झालेलं नाही. बोर्गहिल्डनं काही विचारलं नाही. फक्त "वहिनींची छाती किती?" म्हणून टेप घेऊन त्यांचीच मापं घेतली. आता तिच्याकडे लेसवाली एकही उरलेली नाही.

मामंजी ठणठणीत आहेत. साधी खोकल्याची उबळसुद्धा आली नाही. मासा आम्ही खाल्ला, चांगला होता. आणि खरं सांगू का, इतका साधा, सोशीक, बिनत्रासाचा म्हातारा माणूस मी पाहिलेला नाही. द्याल ते खातात, लवकर झोपतात, रेडिओ हळू लावतात. ज्याच्या घरी ते असतील त्या घराचं भाग्यच म्हणायचं.

भावजींना नमस्कार. खांद्याला शेक द्या.

तुमची धाकटी भावजय,
सोल्वोर

ता. क. त्या बनियनबद्दल थोडं. यंत्रात टाकायची नाही. कोमट पाण्यात, लोकरीसाठीचा साबण घालून, हातानं नुसती दाबायची, पिळायची नाही. टॉवेलात गुंडाळून पाणी काढायचं आणि आडवी पसरून वाळवायची. रोज धुवायची गरज नसते, रात्रभर बाल्कनीत टांगली की सकाळी ताजी. बो फार जपतात, तेवढा तिरपा होऊ देऊ नये. तुम्ही म्हणाल, हे सगळं मला कशाला सांगतेस.

ता. क. दुसरा. तुमच्या बंधूंच्या गुडघ्याला ऊन हवंय असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. (मीच त्यांना म्हणायला लावलं.) आम्ही तीन आठवडे कॅनरी बेटांवर जातो आहोत. मामंजी गुरुवारी दुपारच्या गाडीनं तुमच्याकडे ट्रॉन्डहाइमला पोचतील. तिकीट काढलं आहे, आणि तुम्ही आनंदानं बोलावलंय असं त्यांना सांगूनही झालं आहे. स्टेशनवर भावजींना पाठवा. सोबत गिरमिट आहे, तो लांब आहे. तुमच्याकडे गोठलेलं तळं जवळ नसलं तर शोधून ठेवा.

ता. क. तिसरा, सोमवार सकाळ. पाकीट अजून बंद केलं नव्हतं. आत्ता त्यांची बॅग भरायला घेतली. ते पलंगाच्या कडेला बसून एकेक मोजा हातात देत होते आणि विचारत होते, "ओद्नीला मी आवडेन ना?" जणू तुम्ही त्यांची मुलगी नसून नवी सासू आहात. वन्सं, तीन आठवडे फार होतात. मी तुमच्या बंधूंना सांगितलंय, दोन बास, गुडघ्याला तेवढं ऊन पुष्कळ. तुम्ही तोवर त्यांना फार लाडावू नका, नाहीतर तिकडेच राहतो म्हणतील. आणि तसं म्हणालेच, तर मला लगेच फोन करा. त्या वेळी तुम्ही माझं वाक्य अर्ध्यात पकडलंत तरी चालेल.