वरच्या चरापासून खाली

आबा, आज दिवसभर मी तुमच्याशी भांडते आहे आणि तुम्ही नेहमीसारखे गप्प. गप्प बसून समोरच्याला खजील करायची तुमची खोड, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी सुटली नाही. हाताला फोड आलेत, पेन धरवत नाही. पण लिहिल्याशिवाय आज चैन पडायची नाही, म्हणून बसले.

आधी सांगते काय उद्योग मांडलाय ते. नळदुर्गच्या अलीकडचा आपला डोंगर, जिथं रोजगार हमीच्या कामावर तुम्ही मुकादम होता आणि माणसं लावून पाणी मुरवायला उताराला आडवे चर खोदून घेतले होते, त्याच डोंगरावर मी सायकलींसाठी उताराची वाट करते आहे. हसू नका. जाड टायरच्या सायकली असतात, माणसं गुडघ्याला पट्टे बांधून माथ्यावरनं सुसाट खाली येतात आणि त्याला खेळ म्हणतात. पुण्यात नोकरी करताना मला हा नाद लागला, वाट आखायलाही तिथंच शिकले. गावानं ठराव करून परवानगी दिली. येत्या रविवारी पहिली शर्यत ठरली होती, सोलापूरची, पुण्याची पोरं येणार होती.

आणि मी नीट केलं हो आबा! मेंढरांची वाट कुठनं जाते ते धनगरांना विचारलं, त्या वाटेला हात लावला नाही. टिटवीची अंडी दिसली तिथं चांगला वळसा घेतला. उतारावर वाट सरळ सोडायची नाही, आडवी फिरवत न्यायची, थोड्या थोड्या अंतरावर पाण्याला बाहेर पडायला जागा ठेवायची, हे सगळं केलं. मोबाईलवर चढउतार दिसतो आता, तरी मी पाणी भरून पातळी बघायची तुमची नळीच वापरली. बारावी झाल्यावर मैत्रिणींना घड्याळं मिळाली आणि मला तुम्ही ती नळी दिलीत. "दोन्ही टोकाला पानी सारखं, तर जमीन सारखी. घड्याळ खोटं बोलंल, ही न्हाय." मी तेव्हा तोंड वाकडं केलं होतं.

एकच तुकडा मी नळी न लावता घेतला. माथ्याखाली जुना ओघळ आहे, सरळसोट, दोन्ही बाजूंनी उंच. सायकलवाल्यांना असली जागा दिसली की वेडच लागतं. म्हटलं, आयती वाट आहे, कशाला खोदा? महिनाभर इथली पोरं त्यातनं सराव करत होती, तळ घासून घासून टणक झाला.

आज सकाळी खालच्या रानातली मावशी वर आली. तीच, चरांच्या खाली जिची विहीर आहे ती. आता काठी टेकत चालते, पण जीभ तशीच. ओघळाच्या तोंडाशी उभी राहिली आणि म्हणाली, "तुजा बाप घागर वतल्याबिगर रेघ मारत नव्हता. तू वतलीस का?"

मी म्हटलं, "मावशी, ही जुनीच जागा आहे."

"मंग तर लईच वत. तुमचे सायकलवाले येतील अन् जातील. मुरूम माज्या रानात येतो."

राग आला मला. रागातच चार घागरी आणवल्या आणि ओतल्या. तुमच्यासारखी पाण्याच्या मागनं चालत गेले. ते कुठंच थांबलं नाही, आबा. तुमच्या पहिल्या चराचा बांध फुटलेला, त्यातनं गेलं. दुसऱ्याचा फुटलेला, त्यातनंही. पुढं पुढं बारीक मुरूम ढकलत होतं. चार घागरींची ही तऱ्हा, तर पावसाळ्यात मावशीचं रान उरेल का?

ती जागा मी ओळखत नव्हते असं नाही, तो ओघळ माझ्याच चाकानं पडलेला. आठवीत होते. तुमची काळी सायकल गुपचूप माथ्यावर ढकलत न्यायची आणि ब्रेक न दाबता खाली यायचं. पाऊस पडून गेलेला, जमीन मऊ. आठवड्यात चाकाची रेघ वीतभर खोल गेली, तुमच्या नव्याकोऱ्या बांधांना कापत. तुम्ही मारलं नाहीत. रात्री चुलीपुढं भाकरी मोडता मोडता म्हणालात, "चाकाच्या रेघंत पानी शिरलं की थांबत न्हाय. उद्या दगडानं भरून काढ. वरच्या चरापासनं खाली येत जा, खालनं वर न्हाय. दगड जमिनीत रुतला पायजे."

पुढच्या वर्षी तीन चर फुटले आणि मावशीची तूर मुरमाखाली गेली. साहेब आले, सगळ्यांसमोर म्हणाले की मुकादमाची आखणीच चुकली. मी तिथंच उभी होते. तुम्ही एकदा माझ्याकडं बघितलंत आणि म्हणालात, "चुकलं असंल, साहेब." मुकादमी गेली. दुसऱ्याच्या हाताखाली कुदळ मारायला लागलात आणि घरात त्यावर कधी शब्द काढला नाहीत. तुम्ही ओरडायला हवं होतं माझ्यावर! एकदा तरी.

शर्यत मी रद्द केली. फोनवर पोरं चिडली, "मॅडम, त्या तुकड्यासाठीच तर येत होतो, बाकी वाट बैलगाडीची आहे." नसतील येत तर नसोत. दुपारपासनं दगड वाहते आहे. वरचा चर झाला, खालचे दोन राहिलेत.

संध्याकाळी मावशीला सगळं सांगून टाकलं.  ती म्हणाली, "आन् इतकी वर्सं म्या त्या मानसाला शिव्या घातल्या, त्येचं काय करू?"  ती काठी टेकत निघून गेली.

हा कागद कुठल्या पत्त्यावर टाकू? नळीच्या पिशवीत ठेवते घडी करून. तुम्हाला तेवढं सांगायचं राहिलं होतं. दगड भरायला सांगितलंत त्याच्या दुसऱ्या दिवशी, हात धुता धुता तुम्ही विचारलं होतंत, "भरलं का गं?" आणि मी म्हणाले होते, "व्हय."

न्हाय, आबा. बोराटीच्या फांद्या कोंबल्या होत्या आणि वरनं माती लोटली होती.