नव्या इमारतीतली खोली

४ ऑगस्ट, सोमवार

केतकीला हॉस्टेल मिळालं. माटुंग्याचं कॉलेज, आर्किटेक्चर, पहिलं वर्ष. बाहेरगावच्या मुलींचं झाल्यावर उरल्या तरच मुंबईतल्यांना जागा देतात. उरल्या, त्यातली एक हिला. लालबागच्या या दीड खोलीत आम्ही चौघं आणि तिचा ड्रॉइंग बोर्ड पाचवा. तो मांडायचा तर सासूबाईंनी कॉटवर पाय वर घेऊन बसायचं. त्यामुळे आनंदच.

पण संध्याकाळी पुढचं कळलं. तिथे इमारती दोन. जुनीत एका खोलीत चौघी, टेबल सामाईक. नवीत दोघी, आणि प्रत्येकीला खिडकीजवळ लांब टेबल. नवी फक्त शाकाहारी मुलींसाठी. सकाळी हॉस्टेलात मी खाली झेरॉक्स काढायला गेले तेवढ्यात रेक्टरबाईंनी विचारलं, आणि संजय सांगून मोकळा झाला की आम्ही खात नाही.

"श्रावण चालू आहे. खोटं काय बोललो?"

"आणि श्रावण संपल्यावर?"

"तेव्हाचं तेव्हा बघू. तिकडे चांगल्या घरच्या मुली असतात गं."

चांगल्या घरच्या. हे बायकोसमोर, आईसमोर. सासूबाई वाल सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुझ्या बापाशीन सुकट-भाकरी खावन गिरणीत पाळी केल्यान. ता घर वायट होता काय रे?"

संजय गॅलरीत जाऊन उभा राहिला. केतकी मोबाइलवर खोलीचे फोटो बघत होती. तीही तिथेच होती, विचारलं तेव्हा. गप्प बसली.

आज उपास. डोकं दुखतंय.

९ ऑगस्ट, शनिवार

सामान पोचवलं. खोलीतली दुसरी मुलगी अन्वी, नाशिकची. हसरी आहे, हिच्यासाठी खिडकीकडची कॉट सोडली. तिची आई मला म्हणाली, आपल्यासारख्याच घरातली सोबत मिळाली, काळजी मिटली. संजय "हो ना, हो ना" करत राहिला. मी गादीला चादर घालत होते. इतकी ताणली की शिवण उसवली.

टेबल मात्र... दोन्ही हात पसरले तरी उरतं. मी आजवर जे काही लिहिलं ते स्वयंपाक आवरून, ओटा पुसून, उभ्यानं. त्या टेबलावरून हात फिरवला आणि क्षणभर सगळा राग विसरले. त्याचाच आता जास्त राग येतोय.

१७ ऑगस्ट, रविवार

फोन. तिची शीट सरांनी वर्गात सगळ्यांना दाखवली. म्हणाली, "आई, इथे काम अर्धं टाकून उठता येतं. सकाळी तसंच असतं." आवाजच वेगळा. मोकळा.



२४ ऑगस्ट, रविवार

श्रावण संपला. बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. कोळीण म्हणाली, वहिनी, महिनाभर तोंड दाखवलं नाहीत, आता घासाघीस नको. सुरमई घेतली. केतकी दुपारी आली, सासूबाईंच्या शेजारी मांडी घालून बसली, कढी ओरपली, तळलेल्या तुकड्यांवरून बापाशी भांडली. सासूबाईंनी स्वतःच्या ताटातला तुकडा तिला दिला. संध्याकाळी परत गेली. खूप दिवसांनी घर घरासारखं.

२५ ऑगस्ट, सोमवार



काल ती परत गेल्यावर अन्वीला वास आला. तिने आईला सांगितलं, आईने रेक्टरना. आज केतकीला ऑफिसात बोलावलं. हे सगळं तिने फोनवर सांगितलं, अगदी सपाट आवाजात.

"मग तू काय म्हणालीस?"

"चाळीत राहतो म्हटलं. शेजारी करतात, त्यांचा वास कपड्यांना लागतो."

शेजारी! पलीकडच्या खोलीतल्या शिंदेकाकू, ज्या हिला तापात मांडीवर घेऊन बसायच्या. त्या माळकरी. कांदासुद्धा खात नाहीत चातुर्मासात. आमचं ताट उचलून त्यांच्या दारात ठेवलं पोरीने.

रेक्टरना ते खरं वाटलं नाहीच. खोली ठेवायची तर लिहून द्यायचं: बाहेरही खाणार नाही. घरीसुद्धा. नाहीतर जुनी इमारत.

मी संजयला सांगितलं. तो म्हणाला, द्यावं लिहून, कोण बघायला येतंय. मी हातातलं भांडं आदळलं. शेजारपाजारी ऐकू गेलं असेल. जाऊ दे.

२६ ऑगस्ट, मंगळवार

उद्या गणपती यायचे, मखर अर्धवट, तरी माटुंग्याला गेले. केतकीला न सांगता.

रेक्टरबाई सौम्य. पाणी दिलं. म्हणाल्या, इथे कुणावर सक्ती नाही ताई, नवी इमारत ज्यांनी बांधून दिली त्यांची अट आहे, जुनीत काहीही खा. सौम्य माणसांशी भांडता येत नाही, ते मला कधीच जमलेलं नाही. एवढंच विचारलं, "मुलगी तिच्या आजीच्या घरी काय जेवते ते तुम्हाला का हवंय? आणि अभ्यासाचं टेबलही त्याच इमारतीत का?"

त्यांनी डोळे खाली केले. "मला पटतं असं नाही," म्हणाल्या. "पण तुमच्या मिस्टरांनी सांगितलं म्हणून दिली खोली."

गणपतीची सुट्टी संपल्यावर, दहा तारखेच्या बुधवारपर्यंत कळवा म्हणाल्या.

परत येताना परळपर्यंत चालत आले. चिडून चाललं की अंतर कळत नाही.

३० ऑगस्ट, शनिवार

केतकी गणपतीला घरी आहे. मी माटुंग्याला गेले होते ते तिला अन्वीकडून कळलं. भडकली. मी तिच्या वतीने बोलायला नको होतं म्हणे. बाबाही माझ्या वतीने बोलले, तूही बोललीस, मला कुणी विचारलं?

खरं आहे. तरी मलाही राग आहे, आणि माझाही खरा आहे.

अन्वीने तिला मेसेज केलाय: सॉरी, एवढं होईल असं वाटलं नव्हतं. केतकीने उत्तर दिलेलं नाही. निदान मला तरी तसं सांगितलं.

७ सप्टेंबर, रविवार

विसर्जन काल झालं. आज ओले बोंबील आणले. मुद्दाम. हो, मुद्दामच, स्वतःशी कशाला लपवू. बघू केतकी काय करते.

तवा ठेवला तशी ती उठली, ओढणी केसांवरून घट्ट गुंडाळली आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली. तळून होईपर्यंत आत आली नाही. शिंदेकाकूंनी विचारलं, काय गं, ऊन लागतंय का? ती हसली फक्त.

जेवायला बसली तेव्हा म्हणाली, वरण आहे का. नव्हतं. दही-भात घेतला.

संजयने ताट पुढे केलं होतं, ते हळूच मागे घेतलं. सासूबाईंनी दोन घास खाल्ले आणि हात धुतला. त्यांना बोंबील ताटात टाकून उठलेलं मी लग्नापासून पाहिलं नव्हतं. मला वाटलं होतं मी ओरडेन. कुणावर? हिच्यावर? हिला टेबल हवंय. मलाही हवं होतं.

निघायच्या आधी ती पुन्हा न्हाली. सकाळी न्हालेली होती. मी म्हटलं, केस तरी पुसून जा. थांबली नाही. दारात चप्पल घालताना म्हणाली, "बुधवारी मी काय सांगणार ते विचारू नकोस. मलाच माहीत नाहीये."

नाही विचारलं. केसांतलं पाणी पाठीवर उतरत होतं, कुडता चिकटला होता, आणि ती तशीच जिना उतरून गेली.