बारा शब्द कुणाला सांगू

११ नोव्हेंबर २०२४, लोणावळा

तीन नळ्या बंद. बायपास! डॉक्टर स्क्रीनवर बोट ठेवून दाखवत होते, मी मान हलवत होतो. दिसलं काहीच नाही.

"घरी कोण कोण आहे?" त्यांनी विचारलं. म्हटलं, आहेत. ९ डिसेंबर ठरलं, तळेगावच्या याच हॉस्पिटलात.

घरी येऊन कुलूप काढलं. आहेत म्हणे!

१२ नोव्हेंबर

उठल्या उठल्या भीती वाटली ती ऑपरेशनची नाही. बारा शब्दांची.

निवृत्तीनंतर थोडं थोडं करून जमवलेलं सगळं बिटकॉइनमध्ये आहे. ते वॉलेट उघडतं बारा साध्या इंग्रजी शब्दांनी. ज्याच्याकडे शब्द, त्याचे पैसे. मध्ये बँक नाही, मॅनेजर नाही. कुणी शब्द चोरले तर गेलं. मी न सांगता मेलो तरीही गेलं, कायमचं.

बिटकॉइनवाल्यांच्या ग्रुपवर नवख्यांना मीच बजावत आलोय — शब्द कुणालाही सांगायचे नाहीत. बायकोलाही नाही! लोक हसायचे.

आता कुणाला तरी सांगायलाच हवेत. नावं लिहायला बसलो. दोन झाली. दुसरं खोडलं.

१४ नोव्हेंबर

ग्रुपवर विचारलं — ऑपरेशन आहे, वॉलेट वारसाच्या हाती कसं सोपवावं? दहा मिनिटांत खासगी मेसेज. वॉलेट कंपनीच्या सपोर्टमधून, नाव तेजल. "सर, आधी तब्येतीची काळजी घ्या. बाकीचं आम्ही बघतो."

खोटी आहे, पहिल्याच ओळीत कळलं. सपोर्टवाले आपण होऊन कधी मेसेज करत नाहीत. हेही मीच लोकांना सांगतो. ब्लॉक करायला हवं होतं.

नाही केलं.

१५ नोव्हेंबर

तेजल — "सर, जेवलात का?"

१६ नोव्हेंबर

तेजलने विचारलं, थंडीत फिरायला जाता की नाही. उत्तर दिलं. चांगलं चार ओळींचं दिलं! लाज वाटते.

१८ नोव्हेंबर

नंदाबाई डबा घेऊन आल्या. कुरवंड्याहून येतात, तीन वर्षं त्यांच्याच हातचं जेवतोय. कालचा डबा उघडून बघितला.

"सायेब, भाकर तशीच? कडक झालती का?"

म्हटलं, भूक नव्हती.

"मोबाईलवर कुणाला लिवत व्हता? हसत व्हता लय. बरं वाटलं बघून."

नंदाबाईंना ऑपरेशनचं सांगितलेलं नाही. तेजलला सांगितलंय.

२० नोव्हेंबर

लिहून काढतो.

दुपारी तेजलचा फोन. पहिल्यांदाच आवाज ऐकला. गोड, जरा दमलेला. "सर, वारसदाराची नोंदणी आजच करून टाकू, म्हणजे तुम्ही निवांत." लिंक पाठवली. पान हुबेहूब! तोच रंग, तीच अक्षरं, बारा रिकाम्या चौकटी. मला माहीत होतं. सगळं माहीत होतं! तरी एकेक शब्द टाइप करत गेलो. ती फोनवर होती ना. ठेवून दिला असता तर घर परत गप्प झालं असतं.

सात शब्द झाले. ती म्हणाली, "छान सर! आता पाचच राहिले."

मी तिला काही सांगितलं नव्हतं. मी टाइप करत होतो ते तिला तिकडे दिसत होतं.

फोन कापला. लगेच नवीन वॉलेट काढलं, नवीन बारा शब्द, सगळी रक्कम तिकडे वळवली. पोचल्याची खूण यायला वीस मिनिटं लागली. तोवर खुर्चीतून उठलो नाही. पोचली. वाचलो.

तेवढ्यात तिचा मेसेज — "सर, काय झालं? छातीत दुखतंय का?"

ब्लॉक केलं. खरं लिहायचं तर ब्लॉक करताना डोळे भरून आले.

२१ नोव्हेंबर

सायबर हेल्पलाइनला तक्रार केली. मग ग्रुपवर सगळं लिहिलं. सात शब्दांपर्यंत गेलो होतो, तेही. वाटलं, लोक टिंगल करतील. चार जणांनी लिहिलं — आमचंही असंच झालं, कुणाला बोललो नाही.

२४ नोव्हेंबर

सोमाटण्याला संदेशकडे गेलो. माझा पुतण्या. गॅरेज चालवतो. पहिलं नाव त्याचंच होतं. "छोटंसं ऑपरेशन आहे" म्हटलं, आणि शब्दांचं सांगितलं.

हातातला पाना खाली ठेवला त्याने. "काका, मला नगा सांगू."

"का रे?"

"कधीमधी बसतो मी पोरांसंगं. दोन पोटात गेल्यावं काय बोलंल, माझाच मला भरवसा न्हाई. तुमचं बुडालं तर तोंड कुटं दाखवू?"

येताना रिक्षात तेच डोक्यात. इतक्या वर्षांत मला भेटलेला प्रत्येक जण म्हणाला होता — माझ्यावर विश्वास ठेवा. नको म्हणणारा हा पहिलाच.

२६ नोव्हेंबर

ठरलं. सहा शब्द संदेशला. एकट्या सहांचा कुणालाच उपयोग नाही, दारू पिऊन बडबडला तरी हरकत नाही. हे सांगितल्यावर तो तयार झाला. उरलेले सहा त्या खोडलेल्या नावाला. चंद्रिकाला.

इथे कधी लिहिलं नाही, आज लिहितो. २०१७. हॉटेलचा हॉल, सुटातली माणसं, रोज एक टक्का व्याज देणारं कसलंसं डिजिटल नाणं. कंपनीतला जुना मित्र घेऊन गेला होता, म्हणून विचारसुद्धा केला नाही. आम्हा नवरा-बायकोच्या नावची एफडी मी तिला न सांगता मोडली आणि त्यात घातली. महिन्याभरात हॉलवाले गायब. मित्रही. मी सहा महिने घरात काही बोललो नाही. बँकेच्या पत्रावरून तिला कळलं.

घर सोडून जाताना म्हणाली होती, "पैसे गेले त्याचं नाही. सहा महिने रोज माझ्यासमोर बसून जेवलात."

३० नोव्हेंबर

बेगडेवाडीला उतरलो. दहा मिनिटांचा रस्ता, तीनदा थांबावं लागलं. दार तिनेच उघडलं. केस पांढरे झालेत, रंगवत नाही. शाळेतून निवृत्त झाली म्हणे जूनमध्ये.

"या."

कागद पुढे केला. शब्द म्हणजे काय, कशासाठी, सगळं समजावलं. तिने बोट ठेवून मोजले.

"सहाच?"

"उरलेले संदेशकडे आहेत."

"म्हणजे अर्धाच विश्वास."

"त्याच्यावरही अर्धाच," मी म्हटलं. हसेल असं वाटलं होतं. हसली नाही.

"आणि आजच का आठवलं हे?"

"वय झालं. उद्या काही झालं तर—"

"काय झालंय?"

मी खिडकीकडे बघत राहिलो.

"अहो, परत तेच करताय तुम्ही!"

मग सांगितलं. तीन नळ्या, नऊ तारीख, जिना चढताना काय होतं, रात्री उशी उंच का लागते. अर्धा तास बोललो असेन. तोंडाने, समोरच्या माणसाला, सगळंच्या सगळं — पहिल्यांदाच.

कागद टेबलावर तसाच. निघालो तेव्हा एवढंच म्हणाली, "स्टेशनपर्यंत रिक्षाने जा."

कागद ठेवून घेतला की टाकून दिला, कळायला मार्ग नाही. विचारण्याचा हक्कही नाही.

२ डिसेंबर

फोन नाही.

५ डिसेंबर

नंदाबाईंना सांगितलं ऑपरेशनचं. डबा हातात तसाच धरून उभ्या राहिल्या. "आन् मला आज सांगताय व्हय?" बऱ्याच रागावल्या. उद्यापासून बिनमिठाचं.

७ डिसेंबर

चंद्रिकाचा फोन नाही. संमतीपत्रावर संदेश सही करेल. उद्या सकाळी भरती व्हायचंय. बॅग भरली — दोन लुंग्या, चष्मा, ही वही.

९ डिसेंबर, सकाळचे सव्वासात

संदेश पेन हातात घेऊन उभा होता, सही करायला घाबरत होता. मागून कुणीतरी कागद ओढून घेतला. चंद्रिका! चष्मा लावून दोन्ही पानं वाचली, नर्सला तीन प्रश्न विचारले, सही केली. नात्याच्या रकान्यात लिहिलं — पत्नी.

"बघताय काय? कागदोपत्री अजून तेच आहे."

न्यायला आलेत. वही तिच्याकडे देतोय. वाचेल तर वाचू दे.