अडीच पायल्यांतून तीन चिपटी

आई,

काल सूनबाईनं नातीच्या शाळेतून आलेली चिठ्ठी माझ्या पुढ्यात ठेवली. मुलगी सहावीत आहे, गणितात कच्ची आहे, सुट्टीत महिनाभर वर्गाला पाठवा, असं तिच्या बाईंनी लिहिलंय. "तुम्ही जन्मभर मास्तरकी केलीत, तुम्हीच ठरवा," सूनबाई म्हणाली. मी चष्मा लावून चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली आणि पहिला प्रश्न काय विचारला माहीत आहे? "ह्या बाईंना सुट्टीत घरी काही काम नसतं का?" सूनबाई हसली. मी मात्र चपापले, कारण तो थेट तुझा आवाज होता. तुला जाऊन कैक वर्षं झाली, पण संशय घ्यायची वेळ आली की तू माझ्या तोंडून बोलतेस.

तुझा कुणावरच विश्वास नव्हता. दुकानदाराच्या तागडीवर नव्हता, पोस्टमनवर नव्हता, आणि माझ्यावर तर मुळीच नव्हता. तात्या पलटणीत होते, दूर कुठंतरी लढाईवर. त्यांचं पत्र आलं की मी तुला वाचून दाखवायची, आणि लगेच तू तेच पत्र शेजारच्या काकांकडून पुन्हा वाचून घ्यायचीस, मधलं काही मी गाळलं तर नाही ना म्हणून. दिवसही तसलेच होते म्हणा. कुंडलच्या वाटेवर परका माणूस दिसला तरी, हा पोलिसांचा का भूमिगत झालेल्या आपल्या पोरांचा, अशी बायकांत कुजबुज व्हायची. पण तुझा संशय काही त्या दिवसांनी आणलेला नव्हता, तो तुझ्या अंगचाच होता.

म्हणून मास्तर दारात आले तो दिवस मला अजून दिसतो. सहावीची परीक्षा झालेली. तू अंगणात ज्वारी चाळते आहेस, मी खडे वेचते आहे. मास्तर म्हणतात, "पोरगी चुणचुणीत आहे, पण गणितात फार मागं आहे. सुट्टीत रोज सकाळी तासभर घरी पाठवा. पुढल्या वर्षी सातवीची फायनल आहे."

"फी किती?" तू विचारतेस.

"फी नको."

तिथं तुझी चाळण थांबली. मास्तरांनी पैसे मागितले असते तर तू घासाघीस केली असतीस आणि विषय संपला असता. ते वळले तशी तू पुटपुटलीस, "फुकाट कोण शिकवतंय? बायकोच्या हाताखाली राबायला पोरगी पायजे आसंल." मग मला आडवंतिडवं विचारलंस. अजून कोण पोरी येणार, मास्तरीणबाई घरात असतात का, त्यांचं पाणी कोण भरतं. माझ्या उत्तरांनी तुझं समाधान झालं नाही. तू घरातून मापं आणलीस, पायली, पायलीचा चौथा हिस्सा शेर आणि शेराचा चौथा हिस्सा चिपटं, आणि माझ्यापुढं मांडलीस.

"अडीच पायल्या जुंधळा हाय. त्यातली तीन चिपटी शेजारणीला दिली. ऱ्हायलं किती?"

मी ज्वारीला हातसुद्धा लावला नाही. "दोन पायल्या, एक शेर आन् एक चिपटं."

तू स्वतः मोजून पाहिलंस. मग अजून दोन विचारलीस, जास्त अवघड. तीही बरोबर आली. तू माझ्याकडे बघत राहिलीस आणि तुझे डोळे बारीक झाले. "तुला येतंय की गं. मग मास्तराच्या कागदावर कशी चुकलीस?" मी पुन्हा खडे वेचायला वाकले. "मामा शिमग्याला काय बोलला, त्ये ऐकलं हुतंस न्हवं तू?"

मामा काय बोलला होता ते मला ठाऊक होतं. इस्लामपूरकडचं एक घर त्याच्या नजरेत होतं, ऊसवाले लोक, मुलगा माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. सुट्टी लागली की मला घेऊन जायचं, दाखवायचं, आणि जमलं तर तिथंच उरकून टाकायचं. मी बारा वर्षांची होते. मास्तर येऊन गेल्यावर चारच दिवसांत मामा बैलगाडी घेऊन हजर झाला.

"अक्का, पोरीची तयारी कर. पाव्हणं वाट बघत्यात."

"ती येत न्हाई," तू म्हणालीस. "गणितात लय कच्ची हाय. मास्तरानं सुट्टीत बशिवलीया."

"आगं, भाकरी थापायला गणित कशाला लागतंय?"

"तिच्या बाचं पत्र आलंय. सातवी झाल्याबिगर लगीन न्हाई म्हून लिवलंय." आणि तू तात्यांचं पत्र माझ्या हातात दिलंस. "वाच गं मामाला."

त्या पत्रात तसलं काहीच नव्हतं. खुशाली होती, म्हशीची चौकशी होती. मी तुझ्याकडे पाहिलं. माझं एकेक अक्षर दुसऱ्याकडून तपासून घेणारी तू, भिंतीला टेकून निवांत उभी होतीस. मी वाचलं, "मुलीस सातवी केल्याशिवाय तिचे लग्न करू नये." मामाला वाचता येत नव्हतं. तो चहाही न घेता गेला. गाडी वळणाआड गेल्यावर तू माझ्या तळहातावर गुळाचा खडा ठेवलास आणि पहिल्यांदाच माझ्याकडे कौतुकानं बघून हसलीस. "मुद्दाम चुकवलास न्हवं पेपर? आईला गंडवतीस व्हय? मी या घरात आले तवा माझ्या अंगावर लुगडंबी ठरत न्हवतं बाई. तू माझ्यापरास श्यानी निघालीस."

दुसऱ्या दिवसापासून मी मास्तरांकडे जाऊ लागले. पहिले आठ दिवस मी घरी आले की तू माझे हात हुंगायचीस, शेणाचा नाहीतर राखेचा वास येतो का बघायला. खडूशिवाय कसलाच वास आला नाही, तेव्हा कुठं मास्तर सुटले. त्यांना खरंच काही नको होतं, आई. बिचारा भला माणूस होता. मी फायनल पास झाले, पुढं मास्तरीण झाले, आणि तू मरेपर्यंत आल्यागेल्याला सांगत राहिलीस, "आमची बारा वर्साची हुती, पर मामाला आन् मास्तरला दोघास्नीबी फशिवलं तिनं."

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं ते मला ठाऊक नाही, आणि वाचायला तुला येत नव्हतंच. दुसऱ्या कुणाकडून तू ते वाचून घ्यावंस, हे तर मला नकोच आहे. म्हणून आता खरं लिहिते. पेपर मी मुद्दाम चुकवला नव्हता. ज्वारीची मापं मला डोळे मिटूनही दिसायची, पण कागदावर आकडे आले की मला काही म्हणजे काही सुचायचं नाही. मास्तरांचं बरोबर होतं. जन्मभर तू माझं ज्या धिटाईबद्दल कौतुक केलंस, ती माझ्यात नव्हतीच. आणि त्या दिवशी पत्र वाचताना माझा आवाज कापला, तो मामाच्या भीतीनं नव्हे. मला त्याच्या गाडीत बसून जायचं होतं. त्यानं हिरव्या बांगड्या कबूल केल्या होत्या.