हँडलाला बांधलेला बिब्बा

मुरुड,
गुरुवार, ता. २१ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. सत्यशीला हीस,

थोरल्या बहिणीचा, धुरपताचा, आशीर्वाद घे. इकडं सगळे सुखरूप. सोयाबीन निघालं, हरभरा वर आला, माझा गुडघा होता तिथंच आहे. तुमच्याकडं तुझे मालक, देविदास, लेकरं बरी असतील. फोन सोडून पत्र का म्हणशील, तर फोन केला की तिकडं तुझा लेक देविदास उचलतो आणि इकडं माझी सून दिपाली भांडी घासायची थांबते. म्हणून प्रौढ शिक्षणाच्या वर्गात जेवढी अक्षरं आली तेवढ्यावर लिहून राहिले. दोन दिवस लागले.

खबर अशी की आमच्या हरिओमनं मोटारसायकल घेतली. तुला ठाऊक असेल. असेलच, पण त्याच्यावर मागून येते.

पाडव्याला नातू गाडी घेऊन नांदेडाहून दारात आला. मी म्हटलं, "पोरा, कोण्या म्हाताऱ्याची गाडी आणली?" गोल मोठा दिवा, म्हशीच्या डोळ्यासारखा. पेट्रोलची टाकी पुढून फुगीर आणि मागं निमुळती, पाण्याचा थेंब आडवा धरावा तशी. हँडल रुंद, मागं वळलेलं. चाकांना तारा. चकचकीत लांब नळकांडी, तोंड बघून कुंकू लावावं अशी. आणि बैठक इतकी खाली की बाजेवर टेकल्यासारखं वाटावं.

"आजी, नवी कोरी हाय."

"मग जुन्यासारखी कशाला केली?"

तर त्यानं मला सगळी कथाच लावली. लई वर्षांमागं अमेरिकेत लांबच लांब सरळ रस्ते होते म्हणे. लोक दिवसदिवस गाडीवर. म्हणून तिथल्या कारागिरांनी बैठक खाली घेतली, हँडल हाताशी आणलं, पाय पुढं सोडायला जागा केली. पळायचं न्हाई, निवांत जायचं. मग जमाना बदलला, गाड्या टोकदार झाल्या, प्लास्टिकच्या झाल्या, गडी वाकून बसायला लागला. आता लोकांना पुन्हा ते जुनं वळण आवडायला लागलं, म्हणून कंपन्या जुन्या नमुन्यावरून नव्या गाड्या काढतात. आत मात्र सगळं आजचं. बटण दाबलं की चालू, किक न्हाईच. आवाज तेवढा जुन्या इंजिनासारखा धुडधुड.

मला हे पटलं न्हाई. वय लपवणारी माणसं मी लई पाहिली शिले, पण वय वाढवून सांगणारी फक्त निराधारच्या पगारीच्या लायनीत पाहिली. मी तिथूनच शक घ्यायला लागले.

पहिला शक असा. गाडी घेतली दसऱ्याला, घरी आली पाडव्याला. मधी कुठं होती? दुसरा शक साडीच्या जाळीचा. मागच्या गाडीची जाळी ह्याच पोरानं "बायकी दिसते" म्हणून काढून परसात फेकली, तिच्यावर आमची दोडक्याची वेल चढली. आता ह्या गाडीला जाळी, आणि तिच्याखाली पाय ठेवायला पट्टीपण. आजकालच्या पोरी ड्रेस घालून दोन्हीकडं पाय टाकून बसतात. मग साडीवाली कोण? माझ्या डोक्यात नको नको ते आलं. कुणाची लग्नाची बायको तर न्हाई?

चाकावर हळदीकुंकवाची बोटं होती. हरिओम म्हणाला, दुकानवाल्यांनी पूजा केली. दुकानवाले हार घालतात, नारळ फोडतात, पेढा देतात. अशी बारीक बोटं त्यांची कुठली?

आणि मग हँडलाखाली हात घातला तर काळ्या दोऱ्यात बिब्बा. दोरा दोन येढे, गाठ खालून वर. आपल्या आईनं पाळण्याला बांधायची ती गाठ. ती तिनं दोन लेकींना शिकवली. एक मी, मुरुडात बसलेली. दुसरी कोण, ते तूच सांग.

मी कुणाला काही बोलले न्हाई. परवा हरिओम पुन्हा आला, तसं त्याला म्हटलं, मला मारुतीच्या देवळापर्यंत ने. त्यानं गाडी ओट्याला लावली. "आजी, पदर पुढून खोच. दोन्ही पाय पट्टीवर. उजवा हात माझ्या खांद्यावर. गतिरोधक आला की सांगतो." आणि खरंच दर गतिरोधकाला "आला बरं का" म्हणायचा. शिले, मी बसले तशी सरपंचीणबाई वाटले असेन. रस्त्यावरच्या बायांकडं बघून हात हलवला. तुझे दाजी असते तर दात काढून हसले असते.

पण डोकं माझं जागेवर होतं. देवळापाशी उतरले आणि म्हटलं, "लुगड्यातल्या बाईला मागं बसवायची सवय एका दिवसात येत न्हाई. तुझी माय बापाच्या गाडीवर बसते. तू कुणाला बसवतो?"

पोराचे कान लाल झाले. मग सगळं बोलला. सौर पंप दुरुस्त करायला किनवटाच्या जंगलात जातो, मुक्कामाला तुझ्याकडं असतो, आणि तुझ्या बाहेरच्या खोलीत भाड्यानं राहते ती आश्रमशाळेतली सुकन्याबाई. रोज साडी नेसून शाळेला जाते. देगलूरला दिली होती, तिथं नीट नांदवलं न्हाई, कोर्टातून मोकळी झाली. गाडीला हात लावायला ती मागं सरत होती म्हणे, तूच तिचा हात धरून चाकावर बोटं उठवलीस.

पोरगी आता कुणाची बायको न्हाई हे ऐकून मी आधी मारुतीला हात जोडले. तेवढ्यात हरिओमनं तुझंच बोलणं सांगितलं, "इस्लापूरची आजी म्हणली, थोरलीला इतक्यात सांगू नको, मुरुडची माणसं नावाला जपतात."

हे मला लागलं शिले. सासरला साठ वर्षं झाली, तरी तुझ्यासाठी मी मुरुडची कधी झाले?

रडत बसायला मात्र वखत नव्हता. माझ्या व्यंकटनं पोरासाठी औशाला रविवारी मुलगी बघायला जायचं ठरवलं होतं. आणि हरिओमनं मला साफ सांगितलं, "घरात न्हाई म्हणले तर मी भांडणार न्हाई आजी. किनवटालाच राहीन. येणार न्हाई." हा पोरगा भांडला असता तर मला फिकीर नव्हती.

संध्याकाळी व्यंकट गाडी पुसत होता. ती गाडी पोरापेक्षा बापाला जास्त आवडली आहे. मी म्हटलं, औशाला नको म्हण, आणि कारण सांगितलं. तो एकच जागा पुसत राहिला.

"आई, पोरानं गाडी घेतली नवी कोरी, आन् बायको..."

"पुढचा शब्द गिळ. पोरगी काय गाडी हाय का?"

तेवढ्यात दारातून दिपाली म्हणाली, "मलाबी इचारा की कुणी. चाकावरली बोटं मी पाडव्यालाच बघितली. म्हटलं, कोण असंल ती असंल, हात हलका हाय तिचा."

बघ. मी सगळ्यांवर शक घेऊन राहिले, आणि सून माझ्याही पुढं.

व्यंकट जेवला न्हाई नीट. सकाळी औशाला फोन करून "पोराला सुट्टी न्हाई" म्हणाला. हा होकार न्हाई, हाव न्हाई, मला कळतं. लोक काय म्हणतील ते तो अजून आठ दिवस म्हणेल. म्हणू दे.

एक शक उरलाच. ती खोली तू भाड्यानं दिलीस, की हरिओमवर नजर ठेवून दिलीस? समोर बसून खरं सांग.

पुढच्या शनिवारी मी तुझ्याकडं येते. नांदेडपर्यंत एसटी, पुढं हरिओमच्या मागं. दोनदा थांबू, गुडघ्यासाठी. पोरीला सांगू नको की तिला बघायला येते. चहापोहे घेऊन समोर उभी करू नको, ते तिचं एकदा झालं आहे. मीच खोलीत जाईन तिच्या. खण, नारळ, तांदूळ माझ्या पिशवीत आहेत. विधवेनं ओटी भरू नये म्हणतात. तुला तसं वाटत असेल तर तेवढा वेळ तू बाहेर बस.

तुझी थोरली, आणि व्यंकट हाव म्हणो की न म्हणो, सुकन्याची आजेसासू,
धुरपता